पिंगीचा घास

पूर्वी कुमुद्वती नावाच्या नगरीवर उग्रतेज राजाची सत्ता होती. त्याच काळी बोधिसत्त्वाने तिथल्या एका अमात्यकुळात जन्म घेतला होता आणि राजाच्या न्यायसभेत तो वडिलांच्या जागी बसत होता. त्या जन्मी लोक त्याला सुबंधु म्हणत.

उग्रतेज वाईट राजा होता असं कुणी म्हणू नये. त्याच्या राज्यात तळी भरलेली होती, रस्ते झाडलेले होते, आणि बाजारात कुणी सोन्याचा तोडा विसरून गेला तर दुसऱ्या दिवशी तो तिथेच सापडे. आता तो सापडे म्हणून लोक मोठे साधू होते असंही कुणी समजू नये. तोडा उचलायला हात लागतात, आणि कुमुद्वतीत लोक आपल्या हातांना फार जपत. वरणात मीठ जास्त पडलं म्हणून एका आचाऱ्याची बोटं गेली होती. दार आपटलं म्हणून एक द्वारपाल देशोधडीला लागला होता. राजाच्या उजव्या हातात जाड अंगठी असे, आणि राग येऊ लागला की तो ती सिंहासनाच्या दांडीवर आपटी. ती टकटक ऐकली की सभेतले भलेभले आपले हात उपरण्याखाली घेत. राजा म्हणे, "भीती हा राज्याचा कणा आहे. कणा काढला की सगळाच लोळागोळा." सभा माना डोलावी. नाही कोण म्हणणार? ज्याचा त्याला जीव प्यारा.

या राजकुळात एक जुनी चाल होती. कुळाचा मूळपुरुष कधीकाळी रानात जखमी होऊन पडला होता, तेव्हा एका कुत्रीने त्याची जखम चाटून चाटून त्याला जगवलं होतं. तेव्हापासून त्या कुत्रीच्या वंशातलं एक जनावर राजवाड्यात वाढे. रोज दुपारी राजा पहिला घास आपल्या हाताने त्या कुत्र्याला भरवी, आणि मग त्याच हाताने, हात न धुता, स्वतः जेवायला सुरुवात करी. मध्ये हात धुतला तर जिने प्राण वाचवले तिचा अपमान होतो, अशी समजूत होती. वर्षातून एकदा घासाचा दिवस येई. त्या दिवशी महासभेचे दरवाजे उघडत आणि सगळी नगरी हा घास बघायला लोटे. त्या दिवशीचा घास चुकला तर कुळ बुडतं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते.

उग्रतेजाच्या वेळी त्या वंशातली एकच कुत्री उरली होती. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. पोथीत तिचं नाव पिंगला होतं. वाड्यात तिला सगळे पिंगी म्हणत.

पिंगी पिल्लू होती तेव्हाच राजाने महासभेत नवी जमीन करून घेतली. शंखांचा चुरा आणि चुना घोटून घोटून ती इतकी पांढरी आणि गुळगुळीत केली होती की तिच्यात माणसाचं तोंड दिसे. पिल्लाला त्याचं काय कौतुक? एके दिवशी तिने त्या जमिनीवर मधोमध घाण केली. राजाने अंगठी आपटली आणि कुत्र्यांचा रखवालदार रोहक याला तिथेच उघड्या पाठीवर कोरडे मारवले. रोहक स्वभावाने गरीब माणूस होता. पण पाठीची आग झाली की गरीब माणसालाही आपल्याहून गरीब कोणीतरी हवं असतं. त्याने पिंगीचं नाक त्या घाणीत दाबलं आणि तिला चामड्याच्या वादीने फोडून काढलं. पुढे तसं आणखी दोनदा झालं. दर वेळी आधी रोहकाची पाठ, मग पिंगीची.

त्यानंतर जमिनीवर घाण दिसली नाही. कधीच नाही.

राजाला याचा फार अभिमान वाटला. परदेशचे दूत आले की तो त्या पांढऱ्या जमिनीकडे बोट दाखवी आणि म्हणे, "पाहा, भीती असली की मुकं जनावरसुद्धा शहाणं होतं." दूत वाहवा करीत. सभाही वाहवा करी, पण खाली बघून. कारण खरी गोष्ट वाड्यात सगळ्यांना ठाऊक होती. झाडणाऱ्या बाईला ठाऊक होती, आचाऱ्याला, पहारेकऱ्यांना, पुरोहितालासुद्धा. जमीन स्वच्छ राहत होती ती पिंगी आपलीच विष्ठा गिळून टाकत होती म्हणून. आणि त्याच तोंडाने ती दुपारी राजाच्या हातातला घास घेत होती, आणि राजा त्याच हाताने जेवत होता. अशी ही गोष्ट, आणि ती राजाला सांगायची कुणी? मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? इथे तर वाघ होता. एकाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, दुसऱ्याने पाहून न पाहिल्यासारखं. बोधिसत्त्व ती सगळी वर्षं सीमेवरच्या गावांचे तंटे तोडत लांब राहिला होता, त्यामुळे ही गोष्ट त्याच्या कानावर आली नव्हती.

तो परतला त्याच दिवशी ती फुटली.

दुपारची वेळ होती. महासभेत राजाचं ताट वाढलेलं होतं. राजाने घास उचलला आणि पिंगी का आली नाही म्हणून मान वळवली. पडद्याची कड वाऱ्याने सरकली होती. तिच्यामागे पिंगी बसली होती, आणि बसल्या जागी वळून ती घाईघाईने काहीतरी गिळत होती. गिळून झालं, जमीन चाटून झाली, आणि मग शेपूट पायांत घालून ती राजापुढे आली. तोंड उघडून घासाची वाट बघत उभी राहिली.

राजाचा हात हवेत तसाच राहिला. त्याने पिंगीच्या तोंडाकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे पाहिलं. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग हिरवट. घास खाली पडला आणि राजा तिथेच ओकला.

तोंड पुसून राजाने विचारलं, "हे कधीपासून चाललंय?"

अंगठीची टकटक सुरू झाली. सभेतल्या शंभरेक माणसांनी माना खाली घातल्या. तेव्हा पुरोहित दीर्घकंठ पुढे आला. याचा आवाज मोठा आणि छाती लहान. "महाराज, आजच! आजच पहिल्यांदा!" आणि मग सगळ्यांना वाचा फुटली. आजच, आजच, आम्हीही आजच पाहिलं. "दोष त्या रखवालदाराचा," दीर्घकंठ म्हणाला. "त्यानेच तिला वाईट सवय लावली."

रोहकाला ओढून आणलं. राजा म्हणाला, "दुसरं कुत्रं या वंशात नाही, म्हणून ही कुत्री जगेल. तोवर रोजचा घास बंद. पण घासाच्या दिवशी माझ्या हातातला घास घ्यायला तिचं तोंड शुद्ध हवं. सगळ्या नगरीसमोर ती शुद्ध आहे हे दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर त्याच दिवशी या माणसाला हत्तीच्या पायी द्या. आणि जो हिची खोड मोडील त्याला मी प्रधान करीन."

दुसऱ्या दिवसापासून अंगणात हत्ती आणून बांधला. त्याच्या गळ्यातली घंटा वाड्याच्या कोणत्याही खोलीत ऐकू येई.

मग उपाय सुरू झाले. दीर्घकंठाने मंत्र म्हटले. वैद्यांनी विष्ठेवर मिरी पेरली, कडुलिंबाचा रस शिंपडला. पिंगी डोळ्यांतून पाणी काढत तेही गिळू लागली. वेताचं मुसकं बांधलं तर ती भिंतीवर तोंड घासून घासून रक्त काढी. रोहक तिला मारी, मारताना रडे, आणि रडताना आणखी मारी. ती हाडांचा सापळा झाली. पूर्वी ती घाण झाल्यावर खाई, आता ती पुरती बाहेर पडायचीही वाट बघेना. शेवटी दीर्घकंठ म्हणाला की तिच्या जिभेला तापलेल्या लोखंडाचा डाग द्यावा, आणि त्यासाठी चार दिवसांनंतरचा मुहूर्तही काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहकाची बायको पदुमी बोधिसत्त्वाच्या दारात येऊन बसली. आत या म्हटलं तरी आली नाही.

"आर्य," ती म्हणाली, "माझा नवरा मारका नव्हता हो. कोंबडी कापायची तरी शेजाऱ्याला बोलवायचा. आता घरात येतो तेव्हा त्याच्या हाताला कुत्रीचं रक्त असतं. जेवत नाही. हत्तीची घंटा वाजली की उभ्या उभ्या थरथरतो. मी काय मागू तुमच्याकडे? त्याला वाचवा म्हणायला आले, पण कसं वाचवणार? गू खाणाऱ्या कुत्रीला कोण समजावणार?"

"मी बघून तरी येतो," बोधिसत्त्व म्हणाला.

तो कुत्र्यांच्या कोठडीत गेला. रोहक वादी घेऊन दाराशी उभा होता. पिंगी कोपऱ्यात होती. बोधिसत्त्व बाजूला बसून बघत राहिला. बऱ्याच वेळाने पिंगी पाठ वाकवून बसली, आणि झालं तसं तिने वळून ते गिळायला घेतलं. बोधिसत्त्वाने तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही, त्याने तिचे डोळे पाहिले. डोळे विष्ठेवर नव्हतेच. ते रोहकाच्या हातावर होते. रोहकाने नुसती कपाळावरची माशी हाकलायला हात उचलला, तर ती अधाशासारखी गिळू लागली, इतकी की तिला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्वाने रोहकाला बाहेर घालवलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसला. मागे पिंगीची चाहूल लागली, मग सगळं शांत झालं. त्याने हळूच मान वळवली. विष्ठा जमिनीवर पडलेली होती, आणि पिंगी तिच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाऊन उभी होती. इतर कुठलाही कुत्रा जाईल तशी. पण याने पाहिलं हे तिला कळलं मात्र, ती धावत आली आणि तोंड खाली घातलं. बोधिसत्त्वाने झटकन पुन्हा भिंतीकडे पाहिलं. मागचा आवाज थांबला.

तो भिंतीकडे बघत तसाच बसून राहिला. त्याला कळलं होतं.

बाहेर येऊन तो रोहकाला म्हणाला, "हिला त्याची गोडी नाही, रोहक. भूकही नाही. ही गुन्ह्याची खूण मिटवते आहे. जमिनीवर काही दिसलं की मार बसतो, हे तिला कळलंय. म्हणून ती काही दिसूच देत नाही. जितका मारशील तितकी ती लवकर खाईल."

रोहकाने हातातल्या वादीकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे हे मीच शिकवलं तिला?"

"आणि तुला कुणी शिकवलं?"

रोहकाने खांद्यावरचा पंचा पाठीवर ओढून घेतला आणि खाली बघितलं.

बोधिसत्त्वाने राजाकडे निरोप पाठवून कुत्रीला आणि रखवालदाराला आपल्या घरी नेलं. डागणी टळली. त्याच्या घरामागे गवताची बाग होती. तिथे त्याने एकच नियम घातला, की पिंगीसमोर कुणी हात उचलायचा नाही आणि आवाज चढवायचा नाही. जेवण झालं की तिला गवतात न्यायचं. तिथे तिचं झालं की लगेच गोड आवाजात हाक मारायची, आणि ती वळली की हातावर दहीभाताचा गोळा ठेवायचा. मागचं मागे गुपचूप उचलून टाकायचं. चुकून घरात झालं तर कपाळाला आठीसुद्धा घालायची नाही. दुसरीकडे बघायचं, आणि ती गेली की पुसून घ्यायचं. पहिल्या दिवसांत रोहक सारखा विसरे. हात वर जाई आणि मध्येच थांबे. मग तो दोन्ही हात पाठीमागे बांधून फिरू लागला. पदुमी त्याला म्हणे, "आता कसा नवरदेवासारखा दिसतोस," आणि तोंडाला पदर लावून रडे.

पिंगीला विश्वास बसायला वेळ लागला. ती गवतात बसे, मागे वळे, गिळायला जाई, आणि हाक ऐकून थबके. एका बाजूला दहीभात, दुसऱ्या बाजूला भीती, मध्ये ती. पण हळूहळू दहीभात जिंकला. एक दिवस तिचं झालं, तिने मागे ढुंकूनही पाहिलं नाही, गवताला पाय घासले आणि सरळ रोहकाकडे धावत आली. रोहक गवतात बसून लहान मुलासारखा रडला.

बोधिसत्त्वाला मात्र अजून झोप नव्हती. बागेत कुत्री बरी झाली होती. पण घास बागेत व्हायचा नव्हता. तो व्हायचा होता पांढऱ्या जमिनीवर, अंगठीच्या टकटकीसमोर, आणि तिथे ती पुन्हा गिळणार हे त्याला दिसत होतं. औषध कुत्रीला देऊन भागणार नव्हतं. ज्याला द्यायचं होतं त्याच्या अंगणात हत्ती बांधलेला होता.

घासाचा दिवस जवळ आला तेव्हा दीर्घकंठ त्याच्या बागेत आला. इकडे तिकडे बघून तो खाली बसला.

"सुबंधु, मी एक सांगू? डोंगरापलीकडच्या गावात अशीच एक तांबडी कुत्री आहे. कपाळावर चुन्याचा ठिपका दिला की झाली पिंगला. राजा कुत्र्याचा चेहरा कुठे ओळखतो? घास होईल, रखवालदार वाचेल, तू प्रधान होशील, आणि 'आजच' म्हणालो त्यातून मीही सुटेन."

"आणि पिंगी?"

"मागे विहीर आहे की तुझ्या," दीर्घकंठ म्हणाला.

बोधिसत्त्वाने नकारार्थी मान हलवली. "आचार्य, मलाही भीती वाटते. खोटं कशाला सांगू? हत्तीची घंटा मलाही ऐकू येते. पण महाराज इतकी वर्षं आपल्या हाताने घाण खात आले, ते अशाच शहाणपणामुळे. प्रत्येकाने आपला जीव वाचवला आणि त्यांना ताटावर बसवलं. आता आणखी एक घास मी नाही भरवणार."

"मग मर," दीर्घकंठ म्हणाला आणि उठून गेला.

घासाच्या आदल्या दिवशी राजाने बोधिसत्त्वाला सभेत बोलावलं. बोधिसत्त्वाने स्नान केलं, घरच्यांचा निरोप घेतला, तो नेहमीपेक्षा थोडा लांबला, आणि पिंगीला व रोहकाला घेऊन तो महासभेत गेला. पांढऱ्या जमिनीवर पाऊल पडताच पिंगीची शेपूट पायांत गेली.

"बरी झाली?" राजाने विचारलं.

"माझ्या बागेत बरी आहे, महाराज. इथे नाही."

"म्हणजे?"

"सांगतो. पण आधी अभय द्या."

टक, टक. "मी कुणाला अभय देत नाही," राजा म्हणाला. "मी अभय देऊ लागलो तर राज्य कशावर चालेल?"

परत फिरायला अजून वाव होता, हे बोधिसत्त्वाला कळत होतं. त्याचं उपरणं थरथरत होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं. ते तसंच थरथरत असताना तो बोलला.

"तर मग अभयाशिवाय सांगतो. महाराज, हे आज सुरू झालं नाही. ही जमीन स्वच्छ दिसू लागली त्या दिवसापासून सुरू आहे. घाण केली की मार बसतो, म्हणून पिंगी घाण दिसू देत नाही. ती शहाणी झाली नव्हती, ती घाबरली होती. आणि जे तिला कळलं तेच या सभेलाही कळलं. इथे प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी बोललं नाही, कारण बोलणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय." मग त्याने ही गाथा म्हटली:

भयाने झाकते घाण, भयाने गिळते मुकी ।
अभय लाभता प्राणी, आपली दाखवी चुकी ॥

सभेत कुणीतरी हुंदका दाबला. राजा उभा राहिला. त्याच्या कपाळाची शीर टरारून फुगली होती. शेजारच्या सेवकाच्या हातातला चाबूक त्याने हिसकावला आणि बोधिसत्त्वावर उगारला. बोधिसत्त्वाने डोळे मिटले.

फटका आला नाही. त्याऐवजी एक बारीक, ओला आवाज आला.

पिंगीने उगारलेला हात पाहिला होता. तिने काहीच केलं नव्हतं. जमीन लख्ख होती. पण हात वर गेला म्हणजे आपल्याकडून काहीतरी घडलं असणार, एवढंच तिला माहीत होतं. म्हणून ती राजाच्या पायांपुढे पोट टेकून ती कोरडी, स्वच्छ जमीन चाटत होती. इथे चाटून तिथे, तिथे चाटून इथे, जिथे काहीच नव्हतं तिथे. जिभेतून रक्त येऊ लागलं तेव्हा ती ते रक्तही चाटू लागली. आणि तिच्या मागे रोहक गुडघ्यांवर बसला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो आपल्या पंच्याने तीच स्वच्छ जमीन पुसत होता.

राजाने चाबूक थोडा खाली घेतला. पिंगी थांबली. रोहक थांबला.

राजाने नकळत पुन्हा हात वर नेला. पिंगीची जीभ लगेच जमिनीवर आली. त्याने सभेकडे पाहिलं. पुरोहित खांबाआड गेला होता. उरलेले सगळे खाली बघत होते, त्या कुत्रीसारखेच.

चाबूक जमिनीवर पडला. त्या आवाजानेसुद्धा पिंगी दचकली, आणि ते पाहून राजाचा चेहरा वेडावाकडा झाला. तो सिंहासनावर बसला नाही. तो पायरीवर बसला, बोटातली अंगठी काढून त्याने बाजूला ठेवली, आणि बोधिसत्त्वाला म्हणाला, "आता काय करू? मला हे येत नाही."

"काही करू नका, महाराज. उद्या फक्त हात खाली ठेवा."

पण राजाने शिक्षा मागे घेतो असं म्हटलं नाही. राजाचा शब्द नगरीत दवंडीने फिरला होता, आणि नगरीसमोर कुत्री शुद्ध दिसली पाहिजे हे अजून उरलंच होतं. हत्ती अंगणातच होता.

दुसऱ्या दिवशी महासभेचे दरवाजे उघडले. नगरी लोटली. रोहकाला साखळी घालून एका बाजूला उभं केलं होतं, आणि पदुमी गर्दीत पुढे येऊन त्याच्याकडे बघत होती. राजा खाली, जमिनीवर मांडी घालून बसला. समोर ताट होतं. त्याने आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, आणि इतक्या मोठ्या राजाला तसं बसलेलं पाहून लोकांना काय वाटावं तेच कळेना.

पिंगीला आत सोडलं. ती भिंतीच्या कडेकडेने आली. एवढी गर्दी, एवढे डोळे. मधोमध आल्यावर तिचे पाय लटपटले, तिने पाठ वाकवली, आणि सगळ्या नगरीसमोर, त्या आरशासारख्या पांढऱ्या जमिनीवर तिने घाण केली.

सभेच्या तोंडून 'हाय' निघालं. पदुमीने डोळे झाकून घेतले. दीर्घकंठ ओरडला, "अनर्थ! अनर्थ झाला!"

"हळू बोला," राजा म्हणाला. "ती घाबरेल."

पिंगी वळली. तिने खाली पाहिलं. मग तिने राजाचे हात शोधले. ते दिसत नव्हते. ती तशीच उभी राहिली, आणि सगळी नगरी तिच्याबरोबर उभी राहिली. हत्तीची घंटा तेवढी वाजत होती. राजाने अगदी हलक्या, जरा घोगऱ्या आवाजात हाक मारली. त्याला ती नीट जमली नाही. "पिंगी. ये गं."

पिंगीने घाणीला नाक लावलं, नाक वर घेतलं, आणि ती तशीच सोडून राजाकडे चालू लागली.

राजाने एक हात बाहेर काढला आणि तो जमिनीलगतच ठेवून घास पुढे केला. तिने तो घेतला. मग त्याच हाताने, न धुता, राजा जेवला. त्याच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं. पहिल्या घासानंतर तो थांबला आणि म्हणाला, "सगळ्यांनी पाहिलं ना? आज जमीन घाण आहे. म्हणजे तिचं तोंड शुद्ध आहे. साखळी काढा."

रोहकाची साखळी निघाली, पण तो जागचा हलेना. त्याला खरंच वाटत नव्हतं. पदुमीने जाऊन त्याचा हात धरला तेव्हा तो चालू लागला. आणि सभेत मागच्या बाजूला एक म्हातारा अधिकारी हात जोडून पुढे आला. "महाराज," तो म्हणाला, "उत्तरेच्या तळ्याच्या बांधाला तडा गेलाय. गेल्या वर्षीच. मी सांगितलं नाही." राजाचा हात मांडीखालून निघाला, थांबला, आणि पुन्हा आत गेला. "बसा," तो म्हणाला. "सांगा." त्यानंतर दुसरा आला, मग तिसरा.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा उग्रतेज राजा म्हणजे आजचे स्थविर धृतिसेन. नवे भिक्षू आपली चूक सांगायला यांच्याचपुढे येऊन बसतात. पुरोहित दीर्घकंठ म्हणजे तो भिक्षू, जो दुसऱ्याची चूक सांगायला नेहमी पहिला उठतो. रोहक आणि पदुमी म्हणजे विहाराच्या वेशीवर राहणारं ते उपासक जोडपं. पिंगी म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी पुष्करा. उपोसथाच्या, म्हणजे आपापल्या चुका कबूल करण्याच्या दिवशी भर संघात सगळ्यांच्या आधी उठून 'माझं चुकलं' असं ती कशी म्हणते, याचं तुम्हाला नवल वाटत होतं ना? तिला ते एकदा कुणीतरी करू दिलं होतं. आणि सुबंधु अमात्य म्हणजे मीच."

मग शास्ता म्हणाले, "दानांमध्ये अन्नाचं दान आहे, वस्त्राचं दान आहे, औषधाचं दान आहे. या कथेतलं दान अभयाचं आहे. ते द्यायला हातात काही असावं लागत नाही. उचललेला हात खाली घ्यावा लागतो, इतकंच."